अंगठा लागत नाही

माझ्या पाठपिशवीत एक लॅपटॉप,
तांबड्या डोळ्याचं अंगठ्याचं यंत्र
आणि डबीत ओलं फडकं.
त्रिमूर्ती चौकापासून पवननगरपर्यंत
मला कुणी नावानं ओळखत नाही.
“अ‍ॅग्रीमेंटवाला आला,” म्हणतात
आणि खुर्चीवरचे कपडे उचलतात.

आजचं घर ठकूबाई सांगळ्यांचं.
सिडकोतली जुनी स्कीम. खाली त्या,
वर एक खोली, एक मोरी.
खोली घ्यायला आलाय हिरामण भोये,
गाव सुरगाण्याच्याही पलीकडे,
अंबडला प्रेस शॉपमध्ये दुसरी पाळी.
त्याची बायको दारातच उभी,
भिंतीकडे बघत,
मनात मापं घेत असल्यासारखी.

मी सवयीनं भरभर वाचत गेलो:
मुदत अकरा महिने.
भाडं साडेचार हजार, अनामत पंधरा.
हा भाडेपट्टा नव्हे, केवळ वापराची परवानगी.
वीजबिल वापरणाऱ्याकडे, घरपट्टी मालकाकडे.
भिंतीला खिळा मारू नये.
मालकाने पूर्वसूचनेशिवाय आत येऊ नये.

“माझ्याच घरात?”
“तुमच्याच घरात.”
ठकूबाईंनी जिन्याकडे पाहिलं.
“आन् पाण्याची टाकी? ती तर वरच हाय.”

टाकी करारात नव्हती.
टाकी कधीच कुणाच्या करारात नसते,
आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.
मी लिहिलं: टाकीसाठी येता येईल. हाक मारून.

मग अंगठे.

ठकूबाईंचा लागेना.
उजवा, डावा,
ओल्या फडक्यानं पुसून,
कपाळाच्या तेलकटावर घासून.
यंत्र म्हणे, पुन्हा प्रयत्न करा.
“सिन्नरला बत्तीस वर्षं विड्या वळल्या,
दिसाला हजार. रेघा पानांबरोबर गेल्या.
त्याच पैशातनं हे घर झालं,
आन् आता घर विचारतंय, तू कोन?”

हिरामणनं न सांगताच डावा पुढे केला.
उजव्याचं टोक प्रेसखाली राहिलेलं.
डाव्यावर भाजल्याचा गुळगुळीत डाग.
पुन्हा प्रयत्न करा.

“न्हाईच लागला तर?”

तेव्हा मी ते सांगितलं
जे सगळ्या मालकांना सांगतो, थोडं घाबरवायला:
नोंदणी करून घेणं मालकाचं काम.
नोंद नसेल आणि प्रकरण कोर्टात गेलं,
तर अटी काय होत्या, याबाबत
भाडेकरू सांगेल ते खरं धरतात,
उलट सिद्ध होईपर्यंत.
एवढं ऐकलं की लोक
बोट पुसायला फडकं स्वतःहून मागतात.

ठकूबाईंनी फडकं मागितलं नाही.
हिरामणकडे वळून म्हणाल्या,
“काय सांगशील रे?”

तो गडबडला.
“साडेचार हजार. पाच तारखेला.”
“आन्?”
“टाकीला हाक मारून.”
“आन्?”
दारातून बायको पहिल्यांदाच बोलली,
“एक खिळा. आरशाला.”

ठकूबाई माझ्याकडे बघत राहिल्या,
मी काय थांबलोय अशा नजरेनं.
मी ती ओळ खोडली, नवी टाकली:
खिळा एक. जागा दोघांनी बघून.

सातव्या खेपेला
ठकूबाईंचं मधलं बोट लागलं.
हिरामणची करंगळी.
हिरवी खूण आली तेव्हा
चहावर साय धरली होती.

रात्री मी उत्तमनगरला, माझ्या खोलीवर.
सहा वर्षं झाली. करार नाही.
मालक म्हणतात, तू तर आपलाच,
आणि दर दिवाळीला भाडंही
आपलंआपणच पाचशेनं वाढतं.

जिन्यातल्या दिव्याखाली मी अंगठा बघितला.
सगळ्या रेघा जागच्या जागी.
कायद्यानं, मी सांगेन ते खरं.
काय सांगायचं ते जुळवत कुलूप काढलं,
शर्ट दाराच्या कडीला अडकवला.
भिंतीवर एकही खिळा नाही.
मारू नको, असं मला कुणी म्हटलंही नव्हतं.